धरमतरला रेड पडते तेव्हा

धरमतरच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर चहाच्या टपरीत बसून काही वाक्यं मोठ्यानं बोलू नयेत. ‘घरी रेड टाकायचीय’ हे त्यातलं पहिलं. एका लग्नाच्या शूटिंगवाल्यानं ते सकाळी साडेआठला फोनवर उच्चारलं आणि शेजारच्या बाकावरचा रेतीवाला अर्धा कप तसाच ठेवून उठला. दुसऱ्या एकानं आवाज खाली आणून चौकशी केली, “कवा परली रं? इन्कम टॅक्सची का तहसीलदाराची?” शूटिंगवाल्यानं सांगितलं, की पडलेली नाही, टाकायची आहे, पाच नंबरची टाकावी की दहा नंबरची हे ठरत नाही, आणि घरात सध्या आठ टीबी आहे, तो पुरत नाही. यावर टपरीत जी शांतता पसरली ती भर ओहोटीला खाडीत असते तशी होती. एकाच घरात आठ टीबी, आणि वर तो पुरत नाही! कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यानं एवढंच विचारलं, “गोळ्या चालू हाईत ना?”

तर, ही रेड धाडीची नव्हे. अनेक हार्ड डिस्क एकत्र बांधून त्यांचं एकच कोठार करायचं आणि त्यातली एखादी उडाली तरी माल वाचेल अशी सोय ठेवायची, या युक्तीला १९८८ साली मिळालेलं हे इंग्रजी आद्याक्षरांचं नाव. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी त्या वर्षी एक निबंध सादर केला. एका बाजूला आयबीएमची ३३८० ही साडेसात गिगाबाइटची अवाढव्य, महागडी डिस्क. दुसऱ्या बाजूला कॉनर कंपनीच्या शंभर-शंभर मेगाबाइटच्या चिल्लर डिस्का. चिल्लरीची फौज उभी केली तर ती त्या एकट्या हत्तीला भारी पडेल, असा त्यांचा दावा होता. म्हणून नावातलं ‘आय’ हे अक्षर ‘इनएक्स्पेन्सिव्ह’चं, म्हणजे ‘स्वस्त’चं होतं. पुढे हा माल विकणाऱ्यांच्या लक्षात आलं, की पाटीवरच ‘स्वस्त’ लिहिलं तर गिऱ्हाईक भाव पाडून मागणार. मग ‘आय’ म्हणजे ‘इंडिपेंडंट’, स्वतंत्र, असं सगळे सांगू लागले. अक्षर तेच राहिलं, स्वस्ताई तेवढी गेली.

त्या तिघांनी एक गोष्ट मात्र लपवली नाही. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असं धरलं, तर शंभर डिस्कांच्या फौजेत कोणी ना कोणी दर ३०० तासांनी आडवं होणार. ३०० तास म्हणजे साडेबारा दिवस. एकत्र कुटुंबात राहिलेल्या माणसाला हे गणित शिकवावं लागत नाही. घरात माणसं जितकी जास्त, तितकं रोज कोणाचं तरी काहीतरी दुखतंच. म्हणूनच नावातलं पहिलं अक्षर ‘रिडंडंट’चं आहे. रिडंडंट म्हणजे जादाचं, वरकड. चार माणसांचा स्वयंपाक करताना पाचव्याचा भात टाकून ठेवणं.

आता शूटिंगवाल्याकडे. त्याला नाव द्यायची गरज नाही, कारण पेणपासून पोयनाडपर्यंत आणि इकडे नागोठणे-रोह्यापर्यंत गावागणिक असा एक जण सापडतो. दहा वर्षांपूर्वी त्याच्याकडे एक कॅमेरा आणि एक भाऊ होता. आता तीन कॅमेरे आहेत, एक ड्रोन आहे आणि भावाचं वेगळं दुकान आहे. रायगडात लग्न मुहूर्ताचं असतं आणि हळद रात्रभराची, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं या धंद्यात पडू नये. हल्लीचा कॅमेरा चांगल्यापैकी फोर-के चित्रीकरण सेकंदाला शंभर मेगाबिटनं करतो. म्हणजे तासाला ४५ गिगाबाइट. हळदीचे सहा तास, लग्नाचे सहा तास, तिन्ही कॅमेरे चालूच ठेवले तर हिशेब १,६२० गिगाबाइटवर जातो. त्यातला निम्मा भाग डीजेच्या गाडीसमोर नाचणाऱ्या त्याच अठरा जणांचा असतो, पण पुसायचं कोणाला? ज्याला पुसाल तोच नेमका नवऱ्याचा मामा निघतो.

मोसमात वीस लग्नं धरली तर ३२ टीबी. टीबी म्हणजे टेराबाइट, हजार गिगाबाइट. कापून, छाटून, मामा राखून एक चतुर्थांश उरलं तरी आठ टीबी. टपरीत शांतता पसरवणारा आकडा तो हाच.

डिस्का विकत घ्यायला पेण-रोह्याचा माणूस अजूनही मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जातो, निदान भाव काढायला तरी. तिथून आणलेला कच्चा कागद घेऊन शूटिंगवाला काकांसमोर बसला. काका खारेपाटात भात लावतात, घरामागच्या तळ्यात जिताडे पाळतात आणि पुतण्याच्या धंद्याला अधूनमधून उसने पैसे देतात, म्हणून त्यांना समजावणं भाग होतं. हिशेबाला सोपं पडावं म्हणून चार टीबीच्या एका डिस्कचे दहा हजार धरले. चार डिस्कांचे चाळीस हजार. ही रक्कम सगळ्या प्रकारांत सारखीच. फरक पडतो तो हाती काय लागतं यात.

शून्य नंबरची रेड घेतली तर सोळाच्या सोळा टीबी वापरायला मिळतात. टीबीला अडीच हजार रुपये. वेगही भरपूर, कारण प्रत्येक फाइलचे तुकडे चारही डिस्कांवर एकदम लिहिले जातात. एकच अडचण. चारांपैकी कोणतीही एक गेली, की सगळंच गेलं. उरलेल्या तीन डिस्कांवर नवरीच्या चेहऱ्याचे तीन चतुर्थांश तुकडे राहतात, ते जोडून आईबापांना दाखवता येत नाहीत. बर्कलीच्या निबंधात एक ते पाच असेच प्रकार होते. शून्य मागाहून आला. ज्यानं कोणी तो आकडा ठरवला त्याला प्रामाणिकपणाचं बक्षीस द्यायला हवं, कारण संरक्षण किती, हे नावातच सांगून टाकलंय.

एक नंबर म्हणजे जुळी. जे या डिस्कवर तेच त्या डिस्कवर. चार डिस्कांच्या दोन जोड्या करून त्यांवर शून्याचा वेग चढवला, की तो दहा नंबर. सोळातले आठ टीबी हाती, टीबीला पाच हजार. दोन, तीन आणि चार नंबर हे मोठ्या कुटुंबातल्या मधल्या भावंडांसारखे. आहेत, पण लग्नपत्रिकेत ‘आणि समस्त परिवार’मध्ये.

खरी गंमत पाचाची. चारांतले तीन हाती लागतात, बारा टीबी, टीबीला ३,३३३ रुपये. काका इथे सावध झाले. “तीनच वापराची, तर चौथी काय करतंय?”

“ती एकी-बेकी लिहिते, काका.”

हे सांगताना पुतण्याला वाटलं आपण सोपं करून सांगतोय. प्रत्यक्षात त्यानं पॅरिटीची अख्खी व्याख्याच सांगितली होती. चिंचोक्यांचा डाव आठवावा. तीन मुलांनी मुठी मिटल्या आहेत. मुठीत एक चिंचोका आहे किंवा नाही. चौथा मुलगा सगळ्या मुठी पाहतो आणि पाटीवर एवढंच लिहितो, की एकूण एकी की बेकी. आता एक मुलगा घरी पळाला. उरलेल्या दोन मुठी उघडल्या, पाटी पाहिली, की पळालेल्याच्या मुठीत चिंचोका होता की नव्हता हे बिनचूक सांगता येतं. संगणक हेच करतो, फक्त सेकंदाला कोट्यवधी वेळा आणि चिंचोके न खाता. चार नंबरच्या रेडमध्ये पाटी लिहिण्याचं काम एकाच डिस्कच्या गळ्यात असतं, त्यामुळे तिच्यापुढे रांग लागते. पाचात हे काम पाळीपाळीनं सगळ्यांकडे फिरतं. सहा नंबरमध्ये दोन पाट्या असतात, त्या वेगवेगळ्या रीतीनं लिहिलेल्या, म्हणून दोन मुलं पळाली तरी डाव चालू राहतो. त्याची किंमत परत आठ टीबी, म्हणजे टीबीला पाच हजार.

काकांना सहा नंबर लगेच समजला. खारेपाटात भरतीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून खाडीच्या अंगाला जो मातीचा बांध असतो त्याला बाहेरकाठा म्हणतात. तो उधाणाला फुटला, की खांड पडली. खांड एकदा पडली, की पाणी पिकावर थांबत नाही. जमिनीत मीठ मुरतं आणि ते धुऊन जायला पुढचे दोन-तीन पावसाळे लागतात. म्हणून शहाणे लोक आत आणखी एक बांध ठेवतात. आतल्या बांधाखालची जमीन पिकत नाही, ती बांधानं खाल्लेली असते. टीबीला पाच हजार का पडतात, याचं याहून चांगलं उत्तर लॅमिंग्टन रोडवरही मिळालं नसतं. पूर्वी हे बांध गावकरी जोळ करून, म्हणजे सगळे मिळून, स्वतः राखत; १९७९ साली खारजमीन विकासाचा राज्याचा कायदा झाला, आणि खारजमीन खात्याचं एक कार्यालय पेणलाच आहे. आता खांड पडली की गावकरी अर्ज करतात. अर्ज फुटत नाही, हा त्यातल्या त्यात फायदा.

“पण या तुझ्या पाचात,” काकांनी विचारलं, “एक बांध गेला, तो परत बांधेपर्यंत दुसरा टिकंल का?”

या एका प्रश्नावर साठवणुकीच्या जगात गेली वीसेक वर्षं वाद चालू आहे. गेलेल्या डिस्कच्या जागी नवी लावली, की तिच्यावरचा मजकूर उरलेल्या तिघींवरून नव्यानं काढावा लागतो. चार टीबीची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइटनं सलग भरली तरी साडेसात तास लागतात, आणि हे तास आदर्श जगातले. त्याच वेळी कोणी तिच्यावरून रील कापत बसलं तर वेगळं. या वेळात उरलेल्या तिन्ही डिस्का पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचल्या जातात, म्हणजे बारा टीबी. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की एकावर चौदा शून्यं इतके बिट वाचताना एखादा बिट वाचता न येण्याची शक्यता आहे. तेवढे बिट म्हणजे साडेबारा टीबी. बारा आणि साडेबारा! प्रत्यक्षात बहुतेक डिस्का त्यांच्या माहितीपत्रकापेक्षा बऱ्या वागतात. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात याच्या नेमकं उलटं असतं.

शिवाय चारही डिस्का एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून, एकाच दिवशी आणलेल्या असतात. एकाच पंगतीत कोळंबी खाल्लेल्या चार साडूंसारखी त्यांची स्थिती. एकाच्या पोटात दुखलं, की बाकीच्यांकडे पाहण्याची पाळी येते. डिस्क उडण्याचं सरासरी प्रमाण फार नसतं. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी २०१३ पासून आपल्याकडच्या लाखो डिस्कांचे जन्म-मृत्यू उघडपणे जाहीर करते, तिच्याकडे ते अलीकडे वर्षाला दीड टक्क्याच्या आसपास राहिलं आहे. चार डिस्कांना साधारण सहा टक्के. पण सरासरी ही खाडीच्या खोलीसारखी असते. पोहता न येणाऱ्यानं तिच्यावर भरवसा ठेवू नये.

कौलांचंही सांगायला हवं. कोकणातल्या माणसाला ते एका दमात कळेल. कमी जागेत जास्त माल बसवण्यासाठी काही डिस्कांवर मजकुराच्या पट्ट्या एकीवर एक थोड्या चढवून लिहितात, थेट छपरावरच्या कौलांसारख्या. या पद्धतीच्या इंग्रजी नावाचा अर्थही तोच. एकदा घातलं आणि नुसतं पाहत बसलं तर उत्तम. पण मधलंच एक कौल बदलायचं म्हटलं, की शेजारची अख्खी ओळ उचलून परत बसवावी लागते. अशी डिस्क रेडमध्ये घातली आणि डागडुजीची वेळ आली, की काम इतकं रेंगाळतं की रेडला वाटतं, नवी डिस्कही मेली. २०२० च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटलनं मान्य केलं, की घरगुती साठवणपेट्यांसाठी विकल्या जाणाऱ्या तिच्या ‘रेड’ मालिकेतल्या दोन ते सहा टीबीच्या काही डिस्का या कौलारू जातीच्या आहेत. तोवर खोक्यावर तसं लिहिलेलं नव्हतं. त्या मालिकेचं नाव लाल रंगावरून ठेवलेलं, आपल्या रेडवरून नव्हे. मराठीत दोन्ही एकच ऐकू येतात आणि दुकानात त्यामुळे जो घोळ होतो त्यावर वेगळा लेख होईल.

कागदावर टीबीचा दर ३,३३३ लिहून काका-पुतण्या खूश झाले, तेवढ्यात बाकीचं पुढे आलं. चार डिस्का पिशवीत ठेवून रेड होत नाही. त्यांना पेटी लागते. तिचे चाळीस हजार धरले तर एकूण ऐंशी, आणि टीबीचा दर दुप्पट होऊन ६,६६७. मग वीज. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं त्यानंतर रायगडातली कित्येक गावं कित्येक दिवस अंधारात होती. ते सोडलं तरी एरवीची वीज ही पाहुण्यासारखी. रेड पाचला नेमकं लिहिता लिहिता दिवे जाणं सोसत नाही. मजकूर लिहून झालेला असतो आणि एकी-बेकीची पाटी अजून जुनीच असते. म्हणून बॅटरीचा यूपीएस. शिवाय खाडीची खारी हवा, जी लोखंडी खिडकी पाच वर्षांत खाते, ती डिस्कच्या पेटीतल्या सर्किटवर दया करील असं मानायला आधार नाही.

चार टीबी म्हणून घेतलेली डिस्क संगणकाला लावल्यावर ३.६३ दिसते, हेही याच सुमारास उघड झालं. काकांनी तत्काळ निदान केलं: वाण्यानं मापात मारलं. तसं नाही. कंपनी हजारांच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या पटीत, आणि चार वेळा पट केली की नऊ टक्के अंतर पडतं. हे दोन हिशेब वेगळे ओळखता यावेत म्हणून १९९८ साली दुसऱ्या मापाला ‘टेबीबाइट’ असं नाव अधिकृतपणे देण्यात आलं. ते बारशाला आलेले लोक सोडून कोणी वापरत नाही.

“दोन-चार महिने थांब, भाव उतरंल,” असा सल्ला काकांनी दिला. भाव सहसा उतरतातच. पण २०११ च्या ऑक्टोबरात थायलंडला महापूर आला, बँकॉकच्या वरच्या अंगाला बांग पा-इनच्या औद्योगिक वसाहतीभोवतीचा बांध फुटला आणि हार्ड डिस्क बनवणारे कारखाने पाण्यात गेले. पुढचे काही महिने जगभर डिस्का दीड-दोनपट भावानं विकल्या जात होत्या. काकांना ही गोष्ट फारच आवडली. आजवर पुतण्याच्या धंद्यात त्यांना कळण्यासारखं काही नव्हतं. आता कळलं, की लॅमिंग्टन रोडवरचा भावसुद्धा शेवटी कुठल्या तरी बाहेरकाठ्यावर ठरतो. त्यांना स्वतःला पाण्याची आठवण जुनी आहे. २४ जुलै १९८९ ला आंबा नदीनं वर सुधागडातलं जांभूळपाडा उद्ध्वस्त केलं, नागोठण्यात पाणी भरलं. ते सारं पाणी याच धरमतरच्या खाडीतून समुद्राला गेलं.

तेव्हा एवढे पैसे घालून मिळतं काय? एक डिस्क उडाली तरी काम थांबत नाही, हे मिळतं. आणि काय मिळत नाही, ते बघायला पेणजवळच्या हमरापूर, जोहे, कळवे या मूर्तिकारांच्या गावांत जावं. तिथे एका मूळ मूर्तीवरून रबरी साचा घेतात आणि त्या साच्यातून शेकडो गणपती निघतात. एखादी मूर्ती वाहतुकीत फुटली तर कोणी डोक्याला हात लावत नाही, साचा आहे. पण साच्यातच सोंडेवर खड्डा पडला, तर पुढचा प्रत्येक गणपती सोंडेवर खड्डा घेऊनच जन्माला येतो. एक नंबरच्या जुळ्या रेडचं असंच आहे. शूटिंगवाल्याच्या पोरानं चुकून ‘हळद फायनल’ हा फोल्डर पुसला, तर ती बातमी दुसऱ्या डिस्कला त्याच क्षणी पोचते आणि तीही आज्ञाधारकपणे पुसते. पेणच्या कारखानदाराला हे माहीत असतं, म्हणून तो मूळ मूर्ती वेगळी, माळ्यावर, फडक्यात गुंडाळून ठेवतो. रेड म्हणजे साचा. माळ्यावरची मूर्ती म्हणजे बॅकअप. दुकानदार दोन्ही शब्द एकाच श्वासात घेतो, कारण त्याला एकच वस्तू विकायची असते.

पिक्सार या कंपनीचं उदाहरण या बाबतीत नेहमी सांगितलं जातं, आणि सांगण्यासारखंच आहे. १९९८ साली ‘टॉय स्टोरी २’ बनत असताना कोणीतरी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेनं सिनेमाच्या फायली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालत नव्हता आणि हे कोणी तपासलेलं नव्हतं. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन या पर्यवेक्षिकेच्या घरातल्या संगणकामुळे. नुकतंच बाळ झालेलं असल्यानं त्या घरून काम करत होत्या आणि त्यासाठी सिनेमाची प्रत घरी आणलेली होती. तो संगणक पांघरुणात गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवरून ऑफिसला नेण्यात आला. जगातल्या सर्वांत आधुनिक चित्रपटसंस्थेचा शेवटचा बांध एका बाळंतिणीच्या घरात निघावा, हे कोकणातल्या आज्यांना मुळीच नवल वाटणार नाही. गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीची गोष्ट अशी गोड नाही. ३१ जानेवारी २०१७ ला तिथे सुमारे ३०० गिगाबाइटचा मजकूर चुकून पुसला गेला, आणि बॅकअपच्या पाचही व्यवस्था ऐन वेळी लंगड्या निघाल्या. सहा तास आधी कोणी हातानं काढून ठेवलेली एक प्रत तेवढी उपयोगी पडली. पाच कुलपं आणि एकाचीही किल्ली लागत नाही.

धरमतरकरांच्या इतिहासात या विषयाचं एक पान आहे, ते विनोदी नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह मुंबईहून निघाले. बोटीनं धरमतर आणि तिथून मोटारीनं महाड, हा जवळचा रस्ता. पण मोटारमालकांनी बहिष्कार घातला असता तर सगळे धरमतरलाच अडकून पडले असते. म्हणून ‘पद्मावती’ बोटीनं दासगावला उतरायचं ठरलं. लांबचा फेरा, पण दासगावहून महाड पाच मैल, वेळ आलीच तर पायी जाता येईल असं. आपल्या हातात नसलेला दुवा कोणता, हे आधी हेरून तो मार्गातूनच काढून टाकला होता.

शूटिंगवाल्याच्या मार्गातला असा दुवा म्हणजे त्याचं घर. रेडची पेटी, यूपीएस, जुन्या डिस्का, सगळं एकाच खोलीत, एकाच छपराखाली, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकारानं, म्हणजे यांच्याच जातभाईनं, एक नियम रूढ केलाय: प्रती तीन, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे हल्ली क्लाउड, असं सगळे सांगतात. पुतण्यानं हिशेब केला. वरच्या दिशेनं सेकंदाला वीस मेगाबिट मिळाले, आणि अखंड मिळाले, तर चार टीबी वर चढायला साडेअठरा दिवस. पुढे दर महिन्याला भाडं, आणि काही ठिकाणी आपलाच माल खाली उतरवायचे निराळे पैसे. काकांना ही पद्धत ओळखीची वाटली. खोतीच्या काळात धान्य खळ्यावरून घरी न्यायची अशीच तऱ्हा होती, असं ते म्हणाले.

मग बहीण आठवली. ती रोह्याला दिलेली आहे. रोहा कुंडलिकेच्या काठी, पेण इकडे. नदी वेगळी, खाडी वेगळी, वीजही बहुधा वेगळ्या वेळी जाणारी. पेणहून दिवा-रोहा मेमू धरली की नागोठण्यावरून तासाभरात रोहा. चार टीबीची डिस्क खिशात घालून मेमूत बसलेला माणूस सेकंदाला जवळजवळ नऊ गिगाबिट या वेगानं मजकूर वाहून नेत असतो, आणि तिकिटात डब्यातला पंखाही येतो. यात हसण्यासारखं काही नाही. ॲमेझॉननं २०१६ साली नेमक्या याच कामासाठी एक अख्खा ट्रक बाजारात आणला होता, शंभर पेटाबाइटचा. मेमूचं भाडं त्याहून कमी.

शेवटी ठरलं ते कोणत्याच दुकानदाराच्या कागदावर नव्हतं. पाच नाही, सहा नाही, दहा नाही. दोन डिस्कांची छोटी पेटी, एक नंबरची जुळी, हातातल्या चालू कामापुरती. बाकी दोन डिस्का सुट्या. एक घरी, लोखंडी कपाटात, जुन्या मोसमांसकट. दुसरी तिचीच प्रत, रोह्याला बहिणीकडे. डिस्का चारच, पैसेही तेवढेच, पेटी मात्र निम्म्या किमतीची. काकांनी उसने द्यायच्या रकमेतून वीस हजार वाचले म्हणून ते खूश, आणि रेड एक नंबरची निघाली म्हणून टपरीवर सांगायला पुतण्या खूश.

रोह्याची डिस्क दर तीन महिन्यांनी मागवून उघडून पाहायची, असाही नियम झाला. पहिली खेप जानेवारीत, पोपटीच्या दिवसांत आली. बहिणीनं ती डिस्क टॉवेलात गुंडाळून, वालाच्या शेंगांच्या पिशवीत घालून, मेमूनं येणाऱ्या दिराबरोबर पाठवली होती. शूटिंगवाल्यानं ती लावली. लग्नं सगळी शाबूत होती. शेजारी ‘मामा हे उघडू नको’ नावाचा एक नवा फोल्डर होता आणि त्यात भाच्यानं ३४० गिगाबाइटचे सिनेमे भरले होते. त्यानं लगेच रोह्याला फोन लावला. पलीकडून बहीण म्हणाली, “अरे, तुझं काही पुसलंन नाही त्यानं. मीच बघितलं. आणि ऐक, ते सिनेमे तुझ्या त्या दुसऱ्या डिस्कवर पण टाकून ठेव म्हणालाय. उडाले तर परत कुठे शोधायचे?”